मापवही

खटावकर टेलर्स, दौलतगंज, लष्कर, ग्वाल्हेर.
पान एकशे बारा.
इंगळे, कालिंदी. कंबर साडेसव्वीस, लांबी सोळा.
कापड सॅटिन. प्रकार
इथे मी बराच वेळ पेन धरून बसलो.
परकर, पोलकं, सलवार, झबलं :
वहीत वडिलांच्या वेळचेही शब्द होते, हा नव्हता.
शेवटी लिहिलं, चड्डी, मुष्टियुद्धाची.
बिलावर नुसतं ‘स्पोर्ट’.

मापं इंदू घ्यायची, पडद्यामागे.
ती आकडे बोलायची, मी लिहायचो.
बायकांच्या बाबतीत आमच्याकडे हीच रीत.

मी पांढरा तागा काढला तर म्हणाली,
पांढरं नको, काका.
रक्त लांबूनही दिसतं,
रेफरी घाबरून सामना थांबवतो.
मग मरून आणलं, बाड्यावरून, साठ रुपये मीटर.
पट्ट्यावर जाहिरात शिवली गजकवाल्याची,
कारण दुसरं कोणी पैसे देईना.
परवान्याच्या अर्जावर ‘पुरुष’ असं आधीच छापलेलं होतं.
माझ्याच काउंटरवर, माझ्याच खडूने
तिने ते खोडलं. खडू मोडला.

मी तिचा एकच सामना पाहिला. जत्रेच्या मैदानात,
दंगल आणि मौत का कुआँच्या मधल्या वेळात.
समोर रोहतकची उंच पोरगी.
लोक शेंगा खात होते, कुणीतरी शिट्टी मारली.
दोन-दोन मिनिटांच्या सहा फेऱ्या,
आणि खरं सांगतो, मी फक्त शिवण पाहत होतो.
ती डावीकडे झुकली की उजव्या मांडीवर ताण यायचा,
चौथ्या फेरीत टाका उसवला, चार बोटं.
मला वाटलं, गेली माझी अब्रू.
इंदू ओरडत होती, हाण, हाण गं,
जी आयुष्यात माझ्यावरसुद्धा ओरडली नाही.
त्यानंतर मी बाजूला सहा इंचांची चीर ठेवू लागलो.

मग बँकॉकचे फोन. तिकडच्या कुणाला तरी
जिंकायला कुणी तरी हवं असायचं.
आठ दिवसांत चार किलो उतरव, ये, हर, पैसे घे.
सव्वीस. पंचवीस. एकदा चोवीस.
इंदूने आकडा दोनदा सांगितला.
मी पंचवीसचीच शिवली, आत नाडी घातली.
येताना तरी जेवेल.
त्या वेळी ती हरायला गेली आणि जिंकली.
त्या माणसाचा फोन पुन्हा आला नाही,
सामन्याचे पैसेही नाहीत.
माझे शिलाईचे मात्र तिने दिले, सुट्टे मोजून.

एकदा पडद्यामागून आवाजच येईना.
छाती? मी विचारलं. मग बरगडीखाली?
इंदू बाहेर आली, टेप हातात गुंडाळलेली.
म्हणाली, जुनंच माप लिहा.

मोबाइलवर तिचं नाव शोधलं तर एक ओळ येते :
सहा विजय, अकरा पराभव.
म्हणजे सतरा. माझ्या वहीत अठरा आहेत.
अठरावी पांढरी. तिनेच सांगितली होती,
डोळ्याच्या डॉक्टरांकडून परस्पर दुकानात येऊन.
आता थांबवायचा तर थांबवू दे, म्हणाली.
पानावर मी लिहिलंय, ‘नेली नाही’.

आता ती सलवार शिवायला येते, कंबर बत्तीस.
गल्ल्यापाशी उभी राहून चिरेवरून अंगठा फिरवते,
दोरा बारीक झालाय, काका, म्हणते. झालाच आहे.
बिर्लानगरच्या, मुरारच्या पोरी येतात,
सॅटिन स्वतःच आणतात, भडक, चमचमणारं,
आणि मागतात ‘कालिंदी कट’.
मला आधी कळलंच नाही काय ते.

इंदूला टेपवरचे आकडे दिसत नाहीत हल्ली.
पोरगी स्वतःच वाचते, पडद्यामागून,
समोरच्या भांड्याच्या दुकानातही ऐकू जाईल अशी :
सत्तावीस! लिहा!