पोटाखालची बाजू

दिवाळ्याच्या जेटीमागे, पत्र्याच्या शेडमध्ये
माझी पद्मिनी कुशीवर पडलीय,
लोखंडी चौकटीला बोल्टांनी आवळलेली.
एकोणऐंशी साली आली, बुकिंगनंतर सहा वर्षांनी.
तेव्हापासून रविवारी पुसली,
दसऱ्याला झेंडूचा हार घातला.
तिचं पोट असं उभ्यानं, उजेडात
आजच बघतोय.

भूपेश तांडेल खरवडतोय.
हीटगन लावतो, थांबतो,
डांबर सायीसारखं सुरकुततं,
मग पटाशी.
त्याचा बाप होड्यांच्या बुडाला
तेलात चंद्रूस कढवून लावायचा,
ओहोटीला होडी कलती करून.
"धंदा तोच हाय काका," भूपेश म्हणतो,
"होडीला चाकं आली, एवडाच."

मी वही घेऊन आलो होतो.
तीस वर्षं तुर्भ्याच्या रंगाच्या कारखान्यात
माझं काम एकच:
पत्र्याच्या पट्ट्या मिठाच्या धुक्यात टांगायच्या
आणि कुठला लेप किती तास तग धरतो ते लिहायचं.
पाचशे तास, फोड नाहीत.
सातशे वीस, कडेला गंज, अडीच मिलिमीटर.
माझं अक्षर फार सुरेख होतं.
त्या पट्ट्यांना सांधे नव्हते, कोपरे नव्हते,
आणि पावसाळ्यात त्यांच्यातून
कुणी बायकोला माहेरी नेत नव्हतं.

दाराखालच्या पोकळ पट्टीशी भूपेश थबकला.
बोट फिरवलं. खिळा घेतला, टोचला.
आतून भुगा पडला,
चहाच्या चोथ्यासारखा, ओला,
पडतच राहिला.
पाणी निघून जायची भोकं, एका अंगाला सहा,
सहाच्या सहा काळ्यानं लिंपलेली.

"ह्यो कोनी केला?"

कोपरी, चौऱ्याऐंशीचा मे महिना.
सोसायटीच्या फरशीवर वर्तमानपत्रं पसरून मी उताणा,
कारखान्यातून आणलेला अर्धा डबा, चार इंची ब्रश,
शशिकला वाकून टॉर्च धरून उभी.
तिचा हात अवघडला तरी मी सोडलं नाही.
पुढे कितीतरी वर्षं सांगत होतो येणाऱ्याजाणाऱ्याला,
एक भोक ठेवलं नाही म्हणून.

"आधीच्या मालकानं," मी म्हणालो.

भूपेश काही बोलला नाही.
आरसी बुक त्याच्याच ड्रॉवरमध्ये आहे,
त्यात नाव एकच.
त्यानं ड्रिलला बारीक पातं लावलं
आणि पहिलं भोक मोकळं करताना,
माझ्याकडे न बघता म्हणाला,
"पानी येनार. येउंदे.
जाला वाट पायजे, बस."

मग सडका पत्रा कापून नवा जोडला.
झिंकचा राखाडी हात, सांध्यांत सीलर,
रबरी लेप फक्त चाकांवरच्या कमानींत, जिथे खडी उडते.
बाकी सगळीकडे पातळ मेण,
मधासारखं, आरपार दिसणारं.
मला काळं हवं होतं. गुळगुळीत, एकसारखं,
चार लोकांत नेता येईल असं.
"काल्याखाली कलत नाय," तो म्हणाला.
"गंज आला तर दिसला पायजे ना?
दर वर्साला आना, बगू, परत मारू."
दर वर्षी.
मी चौऱ्याहत्तरचा. हिशेब करायला गेलो
आणि वही मिटली.

फवारणीआधी त्यानं काडेपेटी काढली.
प्रत्येक भोकात एक काडी खोचली,
मेणानं वाट बुजू नये म्हणून.
आता त्या तो उपसतोय,
एकेक, वात वर सारावी तशा हलक्या हातानं.
अकरा झाल्या.
बारावी माझ्यासाठी ठेवली.

मी घाई केली. काडी मोडली,
टोक आतच राहिलं.

भूपेशनं टाचणी पुढे केली,
खुंटीवरचा बल्ब वायरसकट ओढून घेतला
आणि वाकून,
मला दिसेल असा
धरून उभा राहिला.