दोन सूत

कळंबा म्हटलं की रिक्षावाला विचारतोच,
"जेलकडं काय?"
मी म्हणतो, त्याच्या अलीकडं.
कुलूप आमच्यात पण हाय, फक्त आमटी बरी असती.

तीन मजले.
तळाला आमच्यासारखी,
ज्यांची अंघोळ अजून ज्यांच्या त्यांच्या हातात.
पत्रकात त्याला 'स्वावलंबी' म्हणतात.
मधल्या मजल्यावर 'सहाय्यित':
गुंड्या लावायला माणूस, भाकरी कुस्करायला माणूस,
सात वारांचे सात कप्पे, गोळ्यांचे.
नेमगोंडा सर गेल्या सोमवारी तिथं गेले.
इथं कुणी 'वर गेले' म्हणत नाही,
दोन अर्थ होतात.
'पयल्यावर गेले' म्हणायचं.
जाताना मला नेलकटर देऊन गेले.
म्हणाले, आता नखं पण तीच पोरगी कापणार.
चांगली हाय पोरगी. चंदगडची.

मागच्या गेटाजवळ एक खोली, खिडकी मोठी.
तिथला शब्द मला वाचता येईना,
सिस्टरनं फोड करून सांगितला:
बरं करायचं नाही, आक्काताई,
नुसतं दुखू द्यायचं नाही.
मी म्हटलं, आमच्या आईनं हेच केलं होतं आज्जीचं,
शब्द म्हाईत नव्हता.

आणि सगळ्यात वर 'स्मृती विभाग'.
दाराला आकडे दाबायचं कुलूप.
आमचे मेस्त्री तिथं.

दरपत्रक लेकीनं पुण्यातनं वाचून दाखवलं फोनवर.
मी विचारलं, दोघांना मिळून एक खोली कुठल्या मजल्यावर?
ती जरा थांबली.
आई, तसा रकाना नाही.

तिच्याकडं आठ महिने राहिलो होतो.
नातवंडं हसायची, आजी, तू बाई ना?
मग 'आलो' काय, 'आले' म्हण.
शिकलो. आले, गेले, जेवले.
नवं पायताण चावतं तसं चावायचं जिभेला,
पण चारचौघांत घालून फिरलो.

ईश्वरा मेस्त्री, उद्यमनगर, चाळीस वर्षं लेथवर.
पट्टी न लावता नुसता अंगठा फिरवून सांगायचे,
सूतभर जास्त हाय, परत लाव.
आता दिवसभर दाराच्या मुठीशी उभे.
पोरगा रिपोर्टमध्ये लिहितो, 'बाहेर जाण्याचा प्रयत्न'.
मी त्याला सांगितलं, बाबा, त्यांना कुठं जायचं नाही,
ते मूठ किती हलती ते बघतात.
त्यानं खोडलं नाही. छापील रकाना होता.

चार वाजता भडंग घेऊन गेलो.
शेंगदाणे वेचून काढलेले, घशात अडकतात म्हणून.
म्हटलं, मी आले.
त्यांनी वरपासनं खालपर्यंत बघितलं.
"कोण पायजे? मालक न्हाईत. बाई, तिकडं बसा."
तिकडं भिंत होती.
बसलो मग भिंतीला टेकून, पुडी मांडीवर.
पोरगा म्हणाला, आज राहू दे आज्जी.

उठताना गुडघ्यात कळ आली
आणि तोंडातनं आपसूक गेलं,
"अवो, मी आलो न्हवं."

"मग एवढा वेळ?
डबा गार झाला असंल."

भडंग खाल्लं. सांडलं जास्त.
मग माझं मनगट धरलं,
तसं कुणाच्या देखत कधी धरलं नव्हतं.
पाटलीखालनं अंगठा फिरवला, सावकाश,
एकदा इकडनं, एकदा तिकडनं.
"दोन सूत सैल झालीया," म्हणाले.
"कुणी केलं हे काम?"

मी काय सांगणार.

खाली येऊन पाटलीला दोरा गुंडाळायला घेतला.
मग ठेवून दिला.
उद्या परत मोजू देत.