पहिलं घर

रविवारी सकाळी पावणेसातला
प्रमिलाबाई निनावे पारडीहून दोन ऑटो बदलून आल्या
आणि धंतोलीतल्या दवाखान्याच्या मागच्या दाराशी
डबा मांडीवर घेऊन बसून राहिल्या.
त्या दिवशी त्यांची सुट्टी होती.
आदल्या दिवशी घरी होत्या. खाडा लागला.

वेळापत्रक मी लिहिलेलं.
त्यात चूक नव्हती. तीनदा तपासलं,
मग पुन्हा एकदा,
चूक सापडावी म्हणून.

बाई अक्षरं वाचत नाहीत, घरं मोजतात.
भिंतीवरच्या कॅलेंडरात वरची तांबडी ओळ इतवारची,
तसं मोबाइलवरचं पहिलं घर इतवारचं.
फुली असेल त्या दिवशी यायचं नाही.
एवढं व्याकरण त्यांना चार वर्षं पुरलं.

मग आम्ही सर्व्हर बदलला.
नव्याची भाषा इंग्रजी, देश ब्रिटन;
कोणी निवडला नव्हता, आधीच निवडलेला होता.
तिथला आठवडा सोमवारी उजाडतो.
इतवार गुपचूप उठला
आणि फुली काखेत मारून
शेवटच्या घरात जाऊन बसला.

मिहानच्या सहाव्या मजल्यावर सादिक म्हणाला,
मालदीव निवड, शुक्रवारपासून सुरू होईल,
अब्बांचा आठवडा तसाच असतो,
मोमिनपुऱ्यात गुरुवारी रात्री हिशेब मिटतो.
हसलो. यादी खाली सरकवत राहिलो.
एकेका देशापुढे एकेक वार,
भारतापुढे रविवार.
कोणाला विचारून लिहिलं असेल?
माझे बाबा सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात
अडकित्त्यांना धार लावायचे,
त्यांचा आठवडा बुधवारी सुरू व्हायचा
आणि मंगळवारी कोणाशी बोलायचा नाही.

हे शहर तरी कुठे ओळीत बसतं?
इतवारीतून निघालं की पुढे सोमवारी लागेलच असं नाही,
शुक्रवारीला तलाव आहे,
गुरुवारी नावाची वस्ती मला अजून भेटलेली नाही.

यंत्राच्या पोटात रविवार म्हणजे शून्य.
शून्याचा दगडही आमच्याकडेच,
चार घोडे, एक खांब,
तिथून म्हणे देशाची अंतरं मोजली.
पारडी किती लांब, ते त्यावर नाही.

एकाच्या जागी शून्य टाकलं.
चहा निवायच्या आत झालं काम.
इतवार आपल्या घरी परतला.

सोमवारी फोन केला.
म्हटलं, बाई, आठवडा एका घरानं सरकला होता,
आता जागेवर आणला.
पलीकडे कुकरची शिटी झाली.
मग त्या म्हणाल्या,
‘सरकला त सरकला, बापा.
खाड्याचे पैसे कोणत्या घरात येतीन?’

मी पगाराचा तक्ता उघडला.
तो महिन्याचा होता.
त्यात वार नव्हतेच.