रकाना

माझगावच्या प्रसूतिगृहात तिच्या घोट्याला
चिकटपट्टी : बेबी ऑफ प्रणिता.
वजन दोन किलो सातशे.

माझंही नाव बेबीच.
नाव ठेवायचं राहून गेलं, एवढंच.
मग ते शाळेच्या दाखल्यावर गेलं, रेशनकार्डावर,
आणि भायखळ्याच्या वॉर्ड ऑफिसात
जन्मनोंदणीच्या खिडकीमागे, टेबलावरच्या पाटीवर :
बेबी विठोबा उतेकर.
म्हणून आत्याचा मान मी सोडणार नव्हते.
या वेळी नाव राणीचंच.

पत्रिकेत अक्षर निघालं ढ.
ढवरून राणी अख्ख्या पृथ्वीवर नाही.
पत्रिका ड्रॉवरमध्ये टाकली
आणि खिडकीशी येईल त्याला विचारत सुटले.

फिलोमिना परेरा म्हणाल्या, रेजिना.
हसनअली दवावाला, तिसऱ्यांदा आजोबा झालेले, म्हणाले मलेका,
आणि जोर कुठे द्यायचा ते काचेवर बोट आपटून दाखवलं.
खोरशेदबाई नवऱ्याचा मृत्यूचा दाखला घ्यायला आलेल्या.
डोळे पुसले, म्हणाल्या, शेहेरबानू ठेव.
आख्ख्या शहेरची बाई!
आमचा शिपाई सेल्वम लाजत म्हणाला, अरसी.
घरी सांगितलं तर भावाला ऐकू आलं आरशी.
राज्ञी मी स्वतः टाइप करून पाहिलं.
कॉम्प्युटरनं तिची रजनी केली.

भाऊ भाऊच्या धक्क्यावर नावांवर नावं रंगवतो.
म्हणाला, समुद्रराणी तीन रंगवल्या आजवर.
दोन बुडाल्या.

मी काही बोलले नाही.
माझ्या लग्नात ताटभर तांदळात
अंगठीनं लिहिलं होतं राजेश्वरी.
अक्षर सुंदर होतं त्याचं, खोटं कशाला बोलू.
दुसऱ्या दिवशी तेच तांदूळ मी निवडले,
धुतले, शिजवले.
अकरा पानं उठल्यावर
राजेश्वरीच्या वाट्याला खरवड.
चार वर्षांनी पिशवी घेऊन दारात आले
तेव्हा बाबा म्हणाले, बेबी आली.

तरीही मला राणीच हवी होती.
का, ते विचारू नका.

एलिझाबाई नवगावकर, माझ्या जुन्या हेडक्लार्क,
आता गुडघ्यांमुळे घरीच असतात.
चहा बशीत ओतत म्हणाल्या, सारा.
आमच्यात राजकन्या.

बाबा हसले. सारा?
सारा सरकारात भरायचा असतो.
माझ्या आजानं भरला, बापानं भरला,
आणि पीक बुडालं त्या साली
आजीच्या पाटल्यांनी भरला.
भाऊ म्हणाला, शिवाय पुल्लिंगी आहे.
सारा गाव. सारा पगार.

प्रणिताला कुणी विचारलंच नव्हतं.
ती परळच्या टॉवरमध्ये बावीस मजले पुसते,
मालाच्या लिफ्टनं चढते,
तिथं तिचं नाव 'ए हाउसकीपिंग'.
पाजता पाजता, वर न बघता म्हणाली,
ताई, अर्थ काही असू दे.
अक्षरं दोनच ठेवा.
लांब नाव लोक तोडतात
आणि उरलेल्या तुकड्यानं हाक मारतात.

बाराव्या दिवशी पाळण्यात वाकले.
कानात कुर्र केलं,
पाठीत बायकांचे धपाटे,
सगळ्यात जोराचा एलिझाबाईंचा,
गुडघे दुखतात, हात नाही.

सोमवारी मी खिडकीच्या बाहेरून आले.
सेल्वम म्हणाला, मॅडम, आतून या ना.
नको म्हटलं.
पुढे सात माणसं होती,
एकाच्या हातात फुगे, का कोण जाणे.
नंबर आला तसा फॉर्म मागितला,
मोकळा रकाना शोधला. तो कुठे असतो
ते मला झोपेतही सांगता येतं,
तरी शोधला.

घरी बाबा गॅलरीत वाट बघत.
झालं काम?
म्हटलं, झालं. सारा भरला.
चष्मा वर करून म्हणाले,
पावती घेतलीस ना?