किल्ल्यांचा जुडगा

पालिकेच्या नऊ सदनिकांच्या किल्ल्या
माझ्या टेबलाच्या डाव्या खणात असतात.
ऑगस्टमध्ये द्यायच्या, जूनमध्ये परत घ्यायच्या.
अठरा वर्षं हेच करतेय मी.
पगारपत्रकावर मात्र लिहिलंय :
सल्लागार, तरुण मनुष्यबळ.

विमान लहानसं. फिनमार्कच्या वाऱ्याने
अर्ध्यातून माघारी धाडलं नाही, तर
मी दारात उभी : लोकरीची टोपी,
कपाळावर बांधायचा दिवा
आणि माहितीपत्रक.
त्याच्यावर मध्यरात्रीचा सूर्य आहे.
डिसेंबरचं चित्र आम्ही छापत नाही.

शिक्षणाच्या कर्जात सूट मिळते, करातही थोडी.
तेवढ्यावर माणूस येतो.
पण कॉड गळाला लागला
म्हणजे होडीत आला असं नव्हे,
हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

एस्किल, पुलांचा इंजिनिअर,
उतरल्या उतरल्या म्हणाला, "किती शांत आहे!"
फेब्रुवारीतही तेच म्हणाला,
फक्त उद्गारचिन्ह गळून पडलं होतं.

औषधांच्या दुकानातली रागन्फ्रिड
जाताना मला मिठी मारून म्हणाली,
"सगळं छान होतं, अगदी सगळं."
नंतर खोली उघडून पाहिली,
दोन वर्षांत भिंतीला एकही खिळा नाही.

तेव्हापासून मी खिळे मोजते.
वरच्या साहेबांच्या तक्त्यात तो रकाना नाही.

माझी स्वतःची मुलगी ट्रॉन्हाइमला असते.
रविवारी फोनवर विचारते,
"आई, यंदा किती टिकले?"
मी आकडा सांगते. ती हसते.
मग दोघीही थोडा वेळ
इकडचा वारा ऐकतो.

परवा दातांची डॉक्टर सुन्निवा आली,
मुठीत किल्ली.
मी खण उघडला, हात पुढे केला.
सवयीचा हात तो, विचारत नाही.

"हिवाळ्यात कुलूप गोठतं," ती म्हणाली.
"दोनदा मी शेजारच्या ओड्वारच्या सोफ्यावर झोपले.
रात्रभर त्याचं घोरणं,
त्यात मीच बसवलेली कवळी पेल्यात, माझ्याकडे बघत.
न्हाणीघराच्या खिडकीतून वारा शिरतो.
आणि तो जिना कुणी बांधला?
बर्फ साचतो तो नेमका तिसऱ्या पायरीवर.
किती दिवस असंच चालवायचं आपण?"

मी लिहून घेत होते : कुलूप, खिडकी, पायरी.
अक्षर जरा वाकडं येत होतं.
जाणारी माणसं इतकं भांडत नाहीत.

"आणि एक जादा किल्ली. ओड्वारला.
मी बेटांवर पेशंट बघायला जाते तेव्हा
कुंड्यांना पाणी कोण घालणार?"

गावात कुलूपवाला नाही.
होता तो दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला.
त्या जागेची जाहिरात
मीच तीनदा दिली आहे.

तेव्हा तेलाची कुपी घेऊन स्वतःच निघाले,
भिंतींकडे बघायचं नाही
असं ठरवून.