सात किल्ल्या

कदंबमधून निवृत्त झालो त्या दिवशी
तिकिटांचं मशीन परत केलं,
आणि वर्षभरात हळदोण्यानं हातात किल्ल्या दिल्या.
सात घरांच्या सात.
माणसं स्विंडनला, लेस्टरला, एक कुटुंब कुवेतला.
महिन्यातून दोनदा जातो मी.
खिडक्या उघडतो, नळ सोडतो, मीटरचा आकडा लिहून घेतो
आणि बांबूला केरसुणी बांधून
जळमटं काढतो.
खरे पैसे या शेवटच्या कामाचेच,
फोटोत तेवढंच दिसतं.

आधी सरसकट ओढायचो.
मग एकेकाची ओळख पटत गेली,
रोजच्या उतारूंची पटते तशी.

रांधपघराच्या कोपऱ्यात लांब पायांचे.
धक्का लागला की जाळ्यासकट असे थरथरतात
की दिसेनासेच होतात.
बिनतिकीट पोरं अशीच
मला पाहून सीटखाली काहीतरी शोधायची.

चुन्याच्या भिंतीवर टिकलीएवढं जाळं.
आत कोण राहतं, अजून पाहिलेलं नाही.

शिंपल्यांच्या खिडकीवर एक उड्या मारणारा,
तांदळाच्या दाण्याएवढा.
बोट नेलं तरी हटत नाही,
अख्खं अंग वळवून बघतो माझ्याकडे,
जणू सुटे द्यायचे राहिलेत माझ्याकडून.

आणि इर्मेलिंदबायच्या न्हाणीघरात
ती. तळहाताएवढी.
पहिल्यांदा दिसली तेव्हा ओरडलो.
बंद घरात तो आवाज
खोली-खोलीतून माणूस शोधत गेला
आणि कुणी न भेटता परत आला.

पोटाखाली पांढरी चकती धरून होती, अंड्यांची,
जुन्या रुपयाएवढी.
आठही पाय भिंतीला, तरी ओझं सुटत नव्हतं.
ही जाळं विणत नाही,
मग केरसुणीचा प्रश्नच कुठं येतो,
असं मी स्वतःला समजावलं.
घरी शकुनला सांगितलं, तर ती मासळी कापता कापता म्हणाली,
'पैसे कुणाचे घेता, आणि राखता कुणाला?'

इर्मेलिंदबायचा फोन रात्रपाळी संपली की येतो.
'वर दाखव. अजून वर. तो काळा ठिपका कसला?'
मी खरं ते सांगितलं.
बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाली, 'जरा हलव तिला.
घरात काहीतरी हलताना दिसू दे.'

मे महिन्यात घर विकलं गेलं.
सामानाची यादी चार पानांची:
आरामखुर्च्या दोन, पैकी एकीचा वेत तुटलेला,
कपाट शिसवी, बल्कावातला दिवा, घड्याळ बंद.
खाली माझी सही.
डिचोलीचा पोरगा तोंडाला फडकं बांधून, पाठीवर टाकी घेऊन आला.
'काका, आत काही आहे?'

एकतीस वर्षांत एकालाही फुकट सोडलं नव्हतं मी.
म्हटलं, 'नाही. रिकामं आहे.'

आदल्या रात्री बिस्किटाच्या डब्यात घालून
तिला सहाव्या घरी नेलं होतं.
झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली होती,
वाटेत डबा कानाला लावून पाहिला,
काही ऐकू आलं नाही.
लांब पायांच्यांना मात्र नेता आलं नाही.
हात लावला की पाय गळून पडतो त्यांचा.
एकाचा गळलाही.
तो अजून हलत होता
तेव्हा मी दिवा मालवला.

आता किल्ल्या सहा.
सातव्या खिळ्यापासून कॅलेंडरपर्यंत
कुणीतरी एक तार ओढली आहे,
सकाळी दहाच्या उन्हात तेवढी दिसते.
शकुननं केरसुणी उचलली.
म्हटलं, असू दे.
पुढच्या थांब्यावर उतरेल.