रकाना क्रमांक सात

सदरच्या ऑफिसात कूलरसमोरची खुर्ची मिळाली,
तेवढंच बरं. बाहेर सत्तेचाळीस.
नाव : शालिक गणपत निनावे.
खिडकीतला पोरगा हसला, "निनावे, अन् नावासाठी आले?"
मीही हसलो. शाळेपासून हेच ऐकतोय.

सहा रकाने झरझर भरले.
सातव्यात छापलंय : चाल स्वतंत्र की पारंपरिक.
दोन चौकोन. एकातच खूण करा.

आता याला काय सांगू.

मुखडा गोळीबार चौकातला.
बाबा मागावर लुगड्याचे काठ विणायचे
आणि दंडारीतलं काहीबाही म्हणत राहायचे,
साकोलीकडे आजोळी ऐकलेलं.
धोटा गेला की एक शब्द, परत आला की एक.
मधले शब्द माग खायचा.
मी खाली कांड्या भरत उरलेलं ऐकायचो.
गाणं असंच भोकाभोकांचं असतं,
असं मला मॅट्रिकपर्यंत वाटत होतं.

पुढे त्यांचे कान गेले.
गंधार उतरायला लागला, रोज थोडा थोडा,
दिवसभर तापलेली भिंत रात्री उतरते तसा.
माझ्या गाण्यातल्या त्या गंधारावर
पुण्याच्या एका जाणत्यानं बोट ठेवलं,
"हा कुठला राग?"
बहिरेपणा, असं म्हणणार होतो.
म्हटलं, "विचार करून सांगतो."

अंतरा कौतिका नान्हेचा.
शुक्रवारी तलावाकडून शिंगाडे घेऊन यायची.
हाक वर जायची, आणखी वर, आणि ऐन टोकावर
दीड मात्रा गप्प.
त्या गप्प जागेला लोक अजून टाळ्या देतात.
गाणं चाललं तेव्हा मी पेढे घेऊन गेलो, साडी घेऊन गेलो.
म्हटलं, बाई, ही जागा तुमची.
"काऊन बाप्पा," ती म्हणाली, "तिथं तं मी
टोपलं या कडेवरून त्या कडेवर घेत होती.
तुले गाणं वाटलं?"
साडी ठेवून घेतली. रंग पसंत नव्हता तरी.

राहिली शेवटची ओळ.
भुलाबाईच्या दिवसांत कुंदा, माझी बहीण,
पोरींच्या घोळक्यात घरोघर जायची.
आम्ही पोट्टे दाराबाहेर.
आत डबा वाजायचा, खाऊ ओळखा,
आणि आम्हाला ना डबा दिसायचा ना खाऊ,
फक्त पोरींचा आवाज, दाराच्या जाडीतून गाळून आलेला.
ती ओळ तिथून उचलली, असं मी चाळीस वर्षं
प्रत्येक मुलाखतीत सांगितलं. एकदा तर रडलोसुद्धा.

परवा कामठीला तिच्याकडे गेलो. म्हटलं, म्हण ना ते.
तिनं भाकर थापता थापता म्हटलं.
वेगळंच होतं. साफ वेगळं.
तिचा सूर जिथं खाली बसतो
तिथं माझा उठून गेलेला.
"हे तुह्यं आहे रे. आमचं असं नोतं,"
ती म्हणाली, आणि भाकर उलथली.

चोरी पकडल्यासारखा मी पाटावर बसून राहिलो,
चोरी केलीच नव्हती म्हणून.
एवढी माणसं घेऊन चालत होतो,
मागे वळून पाहिलं तर त्या ओळीत
मी एकटाच उभा.
जेवण मात्र छान होतं. वांग्याची भाजी होती.

पोरगा घड्याळ बघतो. "काका, काहीतरी करा,
आता सुटी होते जेवणाची."
कूलर काळी दोनमध्ये घुमतोय, किंचित उतरलेला.
टाकीतलं पाणी संपत आलं असणार.
मी पेन उचलतो.
दोन चौकोनांच्या मधे जी कोरी जागा आहे
ती, अंदाजे धरली तर,
दीड मात्रा आहे.